नशीब नव्हे, कारण शोधा!

14 ऑक्टोबर ही तारीख आपल्या घरांत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. 1956 साली याच दिवशी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो बांधवांना धम्मदीक्षा दिली. योगायोग असा की, 2025 साली याच तारखेला संगणकातील विंडोज 10 या प्रणालीचा नेहमीचा मोफत आधार संपला. पुढची विंडोज 11 चालवायला यंत्रही नवे लागते. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. असाच एक चांगला चालता लॅपटॉप जुन्या मालाच्या दुकानात आम्हाला 11,000 रुपयांना मिळाला. आमची धाकटी कन्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलच्या एवढ्याशा काचेवर प्रोग्रॅम वाचून वाचून तिचे डोळे दुखत होते. म्हणून भिशीचे पैसे उचलले आणि लॅपटॉप घरी आणला.

त्यावर आम्ही लिनक्स बसवायचे ठरवले. 1991 साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्डस् नावाच्या एका विद्यार्थ्याने हे काम सुरू केले. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी ते वाढवले. त्याला पैसे पडत नाहीत. शिवाय ते आतून कसे चालते हे ज्याला हवे त्याने वाचावे, दुरुस्त करावे, दुसऱ्याला द्यावे, अशी त्याची रीत आहे. ज्ञानाला कुलूप घालणाऱ्या व्यवस्थेने आपल्या वाडवडिलांचे काय केले, हे आपण जाणतोच. त्यामुळे ही उघड्या दाराची रीत आम्हाला मनापासून आवडली. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. त्यातला मिंट हा आम्ही घेतला.

लॅपटॉप सुरू झाला. कन्येने पहिले काम काय केले असेल? बाबासाहेबांचा फोटो स्क्रीनवर लावला. फोटो लागला आणि आम्ही तिघेही गप्प झालो. बाबासाहेबांचा चेहरा आडवा पसरला होता. त्यांच्या चष्म्याच्या गोल काचा अंड्यासारख्या दिसत होत्या.

पुढे एकेक दुखणे दिसू लागले. अक्षरे जाड आणि पसरट. काही खिडक्या स्क्रीनपेक्षा उंच, त्यामुळे खालचे "पुढे जा"चे बटणच दिसेना. उजेड कमी-जास्त करण्याच्या कळा मेलेल्या. साधा व्हिडिओ लावला तरी पंखा घोंघावू लागे आणि मांडीला चटका बसे. सेटिंगमध्ये पाहिले तर 1024 बाय 768 हा एकच आकडा. लॅपटॉपची काच मात्र 1366 बाय 768 ठिपक्यांची. म्हणजे कमी ठिपक्यांचे चित्र ताणून रुंद काचेवर बसवले जात होते. त्यामुळे प्रत्येक गोष्ट जवळजवळ एक तृतीयांशाने रुंद दिसत होती. चष्म्याचे अंडे झाले ते असे.

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणाले, फुकटची वस्तू अशीच असते. कोणी म्हणाले, विंडोजच टाका. आम्ही लॅपटॉप एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या पोराने झाकण उघडून दोन मिनिटे पाहिले आणि सांगितले, "काका, ग्राफिक्स गेलंय. मदरबोर्डचं काम आहे. साडेचार हजार होतील."

साडेचार हजार! आम्ही लॅपटॉप पिशवीत घालून परत आणला. रात्री जेवताना कन्या ताटाकडे बघत म्हणाली, "जाऊ द्या पप्पा. आपल्या नशिबी असलंच असतं."

वाचकहो, साडेचार हजारांपेक्षा तो शब्द आम्हाला जास्त लागला. आमच्या कालकथित आईने निरक्षर असूनही आयुष्यात नशीब हा शब्द तोंडातून काढला नाही. त्याच शब्दाच्या जोरावर आपल्याला पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले गेले, हे ती जाणून होती. आणि आज तिची शिकलेली नात तोच शब्द उच्चारते! आम्ही एवढेच म्हणालो, "बाळा, यंत्राला नशीब नसतं. कारण असतं. ते आपल्याला सापडलेलं नाही, एवढंच."

तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश विहारात आपण अनेकदा ऐकला आहे. ऐकीव आहे म्हणून मानू नका, थोरांनी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते दूर होऊ शकते आणि दूर करण्याचा मार्ग आहे, हा क्रमही लहान मुलांना पाठ असतो. पण घरात एखादी वस्तू बिघडली की आपण हे सारे विहाराच्या दारात ठेवून येतो. आम्ही त्या रविवारी, सकाळची वंदना झाल्यावर, वही-पेन घेऊन बसलो.

कन्येच्या कॉलेजातील एका मॅडमनी तिला सांगितले होते, "आधी तपास, मग दुरुस्ती." त्यांनी एक आज्ञाही लिहून दिली होती. टर्मिनल उघडायचे, इंग्रजीत एल-एस-पी-सी-आय ही अक्षरे लिहायची, मग मोकळी जागा, मग आडवी रेघ आणि के. लॅपटॉपमध्ये कोणकोणते भाग आहेत आणि कोणत्या भागाला कोणता ड्रायव्हर चालवतो, याची यादी समोर येते. यादीत इंटेलचे ग्राफिक्स दिसले. म्हणजे ते "गेलेले" नव्हते. त्याचा ड्रायव्हर आय-915 हाही यंत्रात हजर होता. इंटेल आणि एएमडी यांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये बहुधा आधीच असतात, बाहेरून आणावे लागत नाहीत. पण "सध्या वापरात असलेला ड्रायव्हर" ही जी ओळ इतर भागांखाली होती, तीच इथे नव्हती. कामगार गेटवर उभा आहे, पण त्याला आत घेतलेले नाही, अशी गत.

आता प्रश्न उरला, त्याला अडवले कुणी?

इथे कन्येची आई मदतीला आली. संगणकातले तिला काही कळत नाही, असे ती स्वतःच म्हणते. पण ती म्हणाली, "पहिल्या दिवशी तुम्ही दोघांनी काय काय केलं होतं, ते आधी आठवा."

आणि आठवले! मिंट बसवताना स्क्रीन एकदम काळी पडली होती. तेव्हा शेजारच्या मुलाने एक शब्द सांगितला, नोमोडसेट. तो सुरुवातीच्या ओळीत लिहिल्यावर स्क्रीन उजळली. पुन्हा त्रास नको म्हणून आम्ही तो शब्द फाइलमध्ये कायमचा लिहून ठेवला आणि विसरून गेलो. खात्री करण्यासाठी प्रोक या फोल्डरातील सीएमडीलाइन ही फाइल उघडून पाहिली. यंत्र सुरू होताना त्याला कोणत्या सूचना दिल्या गेल्या, ते तिच्यात लिहिलेले असते. शेवटी तोच शब्द उभा होता.

नोमोडसेट म्हणजे काय? लिनक्सच्या गाभ्याला दिलेली सूचना, की स्क्रीनची मांडणी तू करू नकोस. ही सूचना असली की इंटेलचा ड्रायव्हर कामाला लागतच नाही. यंत्र सुरू होताना जे चित्र मिळाले त्यावरच गाडी चालते आणि चित्र काढण्याचे सारे ओझे प्रोसेसरवर पडते. म्हणून ते तापणे, म्हणून तो पंखा, म्हणून त्या मेलेल्या कळा. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालावे तशी ही तात्पुरती सोय. हाड जुळले तरी आम्ही प्लास्टर काढले नव्हते.

खरे सांगायचे तर आम्हाला लाज वाटली. आमच्या घरात मंत्रतंत्र नाही, असे आम्ही छाती पुढे काढून सांगतो. आणि इथे अर्थ न विचारता एक शब्द लिहिला, काम झाले म्हणून हात जोडले. मंत्र तरी याहून वेगळा काय असतो? दोष फुकटच्या वस्तूचा नव्हता, जुन्या यंत्राचा नव्हता, नशिबाचा तर नव्हताच. तो आमच्याच हातचा होता.

पण घाई केली नाही. आधी सगळे अपडेट करून घेतले, कारण नव्या गाभ्यात जुने दोष पुष्कळदा दुरुस्त झालेले असतात. मग लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबून ग्रबची यादी आणली. काही यंत्रांवर त्यासाठी शिफ्ट दाबून धरावी लागते. यादीतल्या पहिल्या नावावर ई दाबले, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतून नोमोडसेट पुसला आणि एफ-10 दाबले. असा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो. बिघडले तर बंद करून पुन्हा सुरू केले की सारे पूर्ववत.

स्क्रीन क्षणभर काळी झाली. कन्येने आईचा हात धरला. मग उजेड आला, आणि बाबासाहेबांच्या चष्म्याच्या काचा गोल होत्या.

ते कायम करण्यासाठी ईटीसी फोल्डरातील डिफॉल्ट, त्यातील ग्रब या फाइलची आधी एक प्रत काढून ठेवली. मग तिच्यातून तो एकच शब्द काढला, बाकी शब्दांना हात लावला नाही. नंतर टर्मिनलमध्ये सुडो अपडेट-ग्रब ही आज्ञा दिली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. खर्च शून्य रुपये. लागला तो एक रविवार.

तुमच्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचे कार्ड असेल तर वाट थोडी वेगळी आहे. मिंटमधील ड्रायव्हर मॅनेजर उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर निवडावा. सिक्युअर बूट चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुन्हा सुरू होताना निळ्या पानावर तो विचारतात. ते पान घाईत सोडून दिले तर ड्रायव्हर कामाला लागत नाही, आणि माणूस पुन्हा नशिबाला दोष देत बसतो.

आमची सर्व पालकांना एकच विनंती आहे. मुलामुलींना यंत्र घेऊन द्याल, तर सोबत 20 रुपयांची एक वहीही द्या. कोणत्या तारखेला काय बदलले आणि का बदलले, ते तिच्यात लिहायला सांगा. ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही तो विचारायला सांगा. दुकानदार कारण सांगत नसेल, तर पैसे देण्याआधी कारण विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आमच्या कन्येने वहीच्या पहिल्या पानावर नोमोडसेट हा शब्द लिहिला आहे आणि पुढे त्याचा अर्थ, स्वतःच्या शब्दांत. गेल्या आठवड्यात वस्तीतल्या एका मुलीचा लॅपटॉप असाच अडला, तेव्हा ती वही घेऊन त्यांच्या घरी गेली. परत आली तेव्हा आईने विचारले, "काय गं, झाला का दुरुस्त?"

ती म्हणाली, "अजून नाही. पण कारण सापडलंय."

नशीब हा शब्द त्यानंतर आमच्या घरात कुणी काढलेला नाही. जयभीम!