जुनी ओम्नी आणि रामटेकची वाट

स्टेशन वॅगन हा शब्द आपल्याकडे फारसा रुळला नाही. आगगाडीच्या स्टेशनावरून माणसे आणि त्यांचे सामान घरी आणण्याकरिता परदेशात जी लांब छपराची व मागून उघडणारी गाडी वापरीत, तिला हे नाव पडले. जपानी कारखान्यांनी अशी वाहने पुष्कळ बनविली. तथापि आपल्या देशात त्या जातीची शुद्ध वाहने थोडीच आली. मारुतीची बलेनो अल्टुरा ही त्यांपैकी एक होय. ती आज रस्त्यावर क्वचितच दृष्टीस पडते. टोयोटाची क्वालिस २००० साली आली आणि २००५ साली तिची जागा इनोव्हाने घेतली. परंतु नागपुरातील मध्यम स्थितीच्या कुटुंबात माणसे आणि सामान एकाच छपराखाली वाहून नेण्याचे काम जिने खरोखर केले, ती मारुतीची ओम्नी. सुझुकीच्या कॅरी नावाच्या लहानशा मालवाहू गाडीच्या वंशातली ही कन्या १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ या नावाने आपल्याकडे आली, पुढे ‘ओम्नी’ झाली आणि २०१९ साली तिची निर्मिती थांबली.

आमच्या नागपुराने या गाडीकडून काय काय करवून घेतले नाही? काटोलकडची संत्री तिने बाजारात आणली, पोरांना शाळेत पोहोचविले, लग्नघरची भांडी वाहिली, आणि रात्रीबेरात्री रुग्णासही दवाखान्यात नेले. मात्र तिच्या प्रकृतीचा आणि या शहराच्या हवेचा मेळ घालणे सोपे नाही. २०१३ सालच्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. आणि ओम्नीचे इंजिन पुढे नाकात नसून चालकाच्या आसनाखाली आहे. वरून सूर्य आणि खालून इंजिन, असा हा पंचाग्निसाधनाचा प्रकार! ज्यास येथे जुनी ओम्नी वापरावयाची आहे, त्याने तिच्या अंतरंगाशी थोडीफार ओळख करून घेणे भाग आहे.

आमची गाडी १९९३ सालची. २००९ साली ती आम्ही जुनीच घेतली. तोवर माझे आयुष्य शब्दरूपे आणि संधी शिकविण्यात गेले होते; यंत्रविद्येचा गंधही नव्हता. सेवानिवृत्तीनंतर मात्र वेळ हाताशी होता आणि वेतन नव्हते, तेव्हा आमच्या वस्तीतील मिस्त्रीजवळ उभे राहून मी पाहू लागलो. तो मनुष्य शाळेत फार शिकलेला नसला तरी शिकविण्याची हातोटी त्यास उपजत होती. पहिल्याच महिन्यात त्याने मर्यादा घालून दिली: “सर, बाकी सगळं तुम्ही करत जा, पण ब्रेकले हात लावाल तं मले एकदा दाखवल्याबिगर गाडी रस्त्यावर काढू नका.” हा नियम मी आजतागायत पाळीत आलो आहे.

जपानी गाडीचा एक गुण नवशिक्यास फार उपकारक ठरतो. १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरचे चार पाने जवळ असले की बहुतेक नट-बोल्ट सुटतात. जुन्या अँबॅसडर गाडीस इंची मापाचे पाने लागत. तेथे हाताशी येईल तो पाना लावला तर बोल्टाची डोकी गोल होत. ओम्नीत तीन सिलिंडर, तीन प्लग, आणि ठिणगीचा क्रम १-३-२. पुढचे आसन उचलले की इंजिन समोर दिसते. पाठीवर निजून गाडीखाली शिरण्याचा प्रसंग थोडा. किरकोळ नट, बोल्ट, वॉशर यांकरिता इतवारीतील लोहा ओळीत एक फेरी मारावी. तेथे जुना बोल्ट नमुन्यादाखल पुढे केला की दुकानदार नुसत्या नजरेने त्याचे आटे ओळखतो, हे पाहून हस्ताक्षरावरून विद्यार्थी ओळखणाऱ्या शिक्षकाची आठवण व्हावी.

प्रथम उष्णतेचा विचार. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे. तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरात घातले म्हणजे किटलीत बसते तशी पांढरी खपली आत बसते, नळ्या अरुंद होतात आणि उन्हाळ्यात पाणी उकळू लागते. म्हणून रेडिएटर धुवून त्यात शुद्ध पाणी आणि कुलंट यांचे मिश्रण घालावे, होज पाइप बोटांनी दाबून पाहावे, आणि झाकणाचे रबर तपासावे. हे झाकण प्रेशर कुकरच्या शिटीसारखे काम करते: आतील दाब वाढवून पाण्याचा उत्कलनबिंदू वर नेते. याच कारणामुळे तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. उसळलेल्या पाण्याने तोंड भाजते. यापुढे आम्ही दोन गोष्टी केल्या. आसनाखाली उष्णतारोधक, चंदेरी पापुद्र्याचा पत्रा बसविला, आणि छताच्या अस्तराआड एक जाड थर घातला. इतक्याने मे महिना सुसह्य झाला असे नाही. परंतु पायांस बसणारा चटका कमी झाला.

दुसरा विचार इंधनाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. २०२५ सालापासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलात साधारणपणे २० टक्के इथेनॉल असते. १९९३ साली गाडी घडविणाऱ्याने या मिश्रणाचा विचार केला नव्हता. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि जुन्या प्रकारच्या रबरास ते मानवत नाही. रबर फुगते, मऊ पडते, कालांतराने त्यास भेगा जातात. जेथे इंजिन माणसांच्या आसनाखाली आहे, तेथे पेट्रोलची नळी पाझरणे म्हणजे काय, हे वाचकांस फोडून सांगावयास नको. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या जातीच्या घातल्या, आणि कार्बोरेटरमधील गॅसकेटही बदलली. खर्च फार नव्हता; पण कोणती नळी कोठून जाते हे ठाऊक नसते, तर तो विचारच सुचला नसता.

येथे मला माझे जुने व्याकरण उपयोगी पडले, असे म्हटले तर वाचक हसतील. पाणिनीच्या पद्धतीत एका वर्णाच्या जागी दुसरा येतो, त्यास आदेश म्हणतात. मूळ तसेच ठेवून शेजारी नवा वर्ण येतो, तो आगम. आदेश शत्रूप्रमाणे पूर्वीच्याची जागा बळकावतो आणि आगम मित्राप्रमाणे जवळ येऊन बसतो, असे जुने वैयाकरण समजावीत. आदेशास दोन अटी आहेत. ज्याच्या जागी तो आला, त्याचे काम त्याने केले पाहिजे. आणि अनेक पर्याय असतील तर मूळच्या सर्वांत जवळचा निवडला पाहिजे. दुरुस्तीचे सारे शास्त्र या दोन अटींत आले! ओम्नीची निर्मिती थांबली असली तरी तिचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि मारुती ८०० चे इंजिन ही एकाच कुळातली; त्यामुळे पुष्कळ भाग अद्याप मिळतात. परंतु मिळतो म्हणून कोणताही भाग बसवू नये. तो अंतरतम आहे काय, हे मापून पाहावे.

आगमाचे मात्र तसे नाही. तो मित्र म्हणून येतो, आणि कधी कधी घर जाळतो. आम्ही गाडी घेतली तेव्हा मागच्या आसनाखाली पत्र्यास भोके पाडलेली आणि एका लोखंडी कड्याची खूण उमटलेली आढळली. मिस्त्रीने ती पाहताच सांगितले की, येथे स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर बांधलेले असावे. पेट्रोल महाग म्हणून घरगुती सिलिंडरावर गाडी चालविण्याचा हा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालला, आणि त्यावर शाळकरी मुले बसत! वाहनासाठी मान्यता मिळालेला गॅस संच, त्याची वेगळी टाकी, तिची झडप आणि ठराविक मुदतीची तपासणी या गोष्टी उगाच सांगितलेल्या नाहीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये निर्मात्याने ठरविलेल्या मूळ घडणीत मनास येईल तसा फेरफार करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. दुरुस्ती ही आपल्या हातची गोष्ट आहे. फेरफाराला मात्र परवानगी हवी आणि नोंदणीपुस्तकात तशी नोंद हवी. ती भोके आम्ही पत्रा जोडून बुजवून टाकली.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रामटेकच्या वाटेवर मिळते. माझी थोरली बहीण, अक्का, ऐंशीच्या घरात आहे. तिचे गुडघे दुखतात. आजकालच्या खोल बैठकीच्या गाडीत तिला वाकून शिरता येत नाही आणि शिरल्यास उठता येत नाही. ओम्नीचे सरकते दार पूर्ण उघडते, आसन खुर्चीच्या उंचीचे आहे, आणि तिची चाकाची खुर्ची मागे मावते. गडावरच्या रामाचे दर्शन आणखी एकदा घडावे, इतकीच तिची इच्छा होती. म्हणून गेल्या वर्षी आषाढ शुद्ध प्रतिपदेस, कालिदासदिनी, आम्ही निघालो: अक्का, सौ., चौदा वर्षांचा नातू आणि मी.

नागपूरपासून रामटेक सुमारे ५० किलोमीटर. कामठीची छावणी १८२१ सालची. तिच्या गावी जपानच्या ओगावा सोसायटीच्या साहाय्याने उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस हे शांत बुद्धमंदिर आहे. “आजोबा, गाडीचे माहेर आले!” असे नातू म्हणाला, आणि अक्का मनापासून हसली. पुढे कन्हान नदी ओलांडली. मनसरच्या अलीकडे गाडी अडखळू लागली. तीनपैकी एक सिलिंडर गप्प झाला होता. सावलीच्या बाजूस गाडी उभी केली, सर्वांस उतरविले, आसन उचलले. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून पाहिले तो तिसऱ्या प्लगकडे जाणारी तार आपल्या खोबणीतून सैल झालेली, आणि पॉइंटावर काजळी. नातवाने काचकागदाचा तुकडा दिला, काजळी पुसली, तार घट्ट बसविली. पाव घटकेचे काम. त्या मुलाने दोन्ही कान इंजिनाकडे लावून “तिन्ही बोलतात!” असे जाहीर केले, तेव्हा मला वाटले, इतकी एकाग्रता वर्गात असती तर!

मनसर हे मँगनीजच्या खाणींकरिता प्रसिद्ध आहेच. शिवाय तेथील टेकड्यांतून वाकाटककालीन अवशेष निघाले असून काही विद्वान द्वितीय प्रवरसेनाचे प्रवरपूर तेच मानतात. तेथून उजवीकडे वळले की रामटेकची टेकडी समोर येते. महामहोपाध्याय मिराशींनी मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे प्रतिपादन केले. थकलेल्या मेघाने वाटेतील नद्यांचे पाणी पिऊन पुढे जावे, असा यक्षाचा सल्ला आहे. आम्हीही चढाच्या पायथ्याशी इंजिन निवू दिले, पाणी पाहिले, आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये, घाई न करता, वर गेलो. तापमानाचा काटा मध्यावरून किंचित सरकला, इतकेच.

गडावरील मंदिरांचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात रघूजी भोसल्यांनी केला. त्यांहून कितीतरी प्राचीन अशी वाकाटकांची नरसिंहमंदिरे आणि प्रचंड वराहमूर्ती तेथे आहे. गाभाऱ्याबाहेर खुर्चीत बसून अक्काने हात जोडले. ती काही बोलली नाही; परतीच्या वाटेवर मात्र खिडकीतून ओलसर वारा घेत तिने नातवास लहानपणच्या बैलगाडीच्या यात्रेची हकीकत सांगितली.

पुण्यास असलेले आमचे चिरंजीव म्हणतात, “बाबा, आता ही गाडी मोडीत द्या.” त्यांची काळजी खरी आहे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, पुढे तपासणी करून पाच पाच वर्षांनी वाढवावी लागते. आमची मुदत २०२८ साली संपेल. नव्या गाडीत हवेच्या पिशव्या आहेत, घसरण रोखणारे ब्रेक आहेत. ओम्नीत चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही नाही. ही उणीव कोणत्याही पान्याने भरून निघणारी नाही. म्हणून महामार्गावर रात्री ती काढावयाची नाही, ताशी पन्नासच्या वर न्यावयाची नाही, आणि ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलावयाचे, असे आमचे नियम आहेत. २०२८ साली मिस्त्रीकडून तिच्या तळाचा पत्रा ठोकून पाहू. तो गंजाने पोखरलेला निघाला, तर माया बाजूस ठेवून तिला निरोप देऊ. व्याकरणात लोपालाही स्थान आहे. भक्कम निघाला, तर पुढील पाच वर्षांचे शुल्क भरू.

तोवर नातवाने १० आणि १२ चे पाने आपल्या पेटीत ठेवून घेतले आहेत. दिवाळीच्या सुटीत ब्रेक मिस्त्रीसमोर खोलावयाचे ठरले आहे. आणि त्या दिवशी गाडीखाली त्याने शिरावयाचे असून दिवा मी धरावयाचा आहे.