उन्हाने खाल्लेला लाल

पाचोऱ्यात उघड्यावर राहिलेला कुठलाही लाल रंग फार उन्हाळे काढत नाही. दुकानाची पाटी असो, टपालपेटी असो की ट्रॅक्टरचं बोनेट, एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या पुढे गेला की लालाची उतरण सुरू होते. आधी चमक जाते. मग रंगाची खोली जाते आणि तो पृष्ठभागावर नुसता टेकल्यासारखा दिसतो. मग गुलाबट होतो, आणि शेवटी बोट फिरवलं की पूड हाताला लागते. पांढरा, राखाडी, निळासुद्धा इतक्या लवकर हार मानत नाहीत.

आमच्या अंगणातली गाडी लाल आहे. सॅन स्टॉर्म. हे नाव आज फारसं कुणाला आठवत नाही, पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भारतात बनलेली ही दोन सीटांची, कापडी छताची स्पोर्ट्स कार. कंपनी बंगळुरूची, कारखाना गोव्यात, इंजिन फ्रान्सच्या रेनोचं, ११४९ सीसीचं. नाना, माझे काका, नोकरीमुळे बरीच वर्षं गोव्यात होते. तिथे त्यांनी ती घेतली आणि निवृत्तीनंतर स्वतः चालवत पाचोऱ्याला आणली. कापसाच्या ट्रॉल्या, रिक्षा आणि बैलगाड्यांच्या गावात कमरेएवढ्या उंचीची ती गाडी शिरली, तेव्हा लोक ओट्यावरून उठून बघायला आले होते. दोघंच बसतात तर हिचा उपयोग काय, असं नानांना अनेकांनी विचारलं. नाना म्हणायचे, आम्ही दोघंच तर आहोत.

ते दोघं हिच्यातून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत अजिंठ्याला जात. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, आमची ‘पीजे’, तेव्हा चालू होती. अडीच फुटी रुळांवरची ५६ किलोमीटरची ती वाट काही ठिकाणी रस्त्याच्या जवळ येई. पीजे दिसली की नाना वेग वाढवायचे नाहीत, कमी करायचे. तिच्या डब्यांतल्या पोरांना हात करत तिच्या बरोबरीने चालायचे. स्पोर्ट्स कारचं याहून चांगलं काही करता येतं असं मला अजूनही वाटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत पीजे थांबली. गेल्या वर्षी नानाही गेले.

आता गाडी विकायची आहे. काकू चालवत नाहीत, मी पुण्याला असतो, आणि नोंदणीची मुदत संपत आली आहे. खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं मिळतात, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करून घ्यावं लागतं. तेवढी निगा राखणारं घरात कुणी उरलेलं नाही. विकायचं हे लवकर ठरलं. अडलं ते रंगापाशी.

उजव्या दारावर मागच्या चाकापर्यंत गेलेला लांब ओरखडा आहे. बाजार समितीसमोर कापसाच्या ट्रॉलीचा बाहेर आलेला बोल्ट घासून गेला, त्याचा. बोनेटवर ताऱ्यासारखा तडा आहे. अंगणातल्या झाडाचं कवठ वरून पडलं, तिथे. डिकीवर गाडीचं कव्हर फाटलं होतं तेवढाच तुकडा गुलाबट झालाय, फाटलेल्या जागेचा आकारही जसाच्या तसा उमटला आहे. आणि चालकाच्या दाराच्या वरच्या कडेवर, काच खाली जाते तिथे, तळहाताएवढा रंग पार झिजून खालचा प्रायमर दिसतो. नाना कोपर तिथे टेकवायचे.

रंगाचा मिस्तरी येऊन गेला. हात फिरवून त्याने सगळी गाडी बघितली. “मारून देतो भो पूर्ण. नवी दिसीन,” म्हणाला. तीस-पस्तीस हजार सांगितले. मग बोनेटवरच्या तड्यापाशी थांबला आणि नखाने टकटक केलं. गाडीचं अंग पत्र्याचं नाही, फायबरचं आहे. पत्र्याला पोचा येतो. तो ठोकून काढायचा, लांबी भरायची, घासायचं, रंग मारायचा. फायबरला पोचा येत नाही, तडा जातो. तो नीट करायचा तर मुळापर्यंत खरवडावा लागतो, आतल्या बाजूने काचेच्या धाग्यांची चटई रेझिनमध्ये भिजवून बसवावी लागते, ती कडक झाली की मग वरचा थर. नुसती लांबी भरून रंग मारला तर इंजिनच्या धगीने आणि हादऱ्यांनी तडा नव्या रंगातून पुन्हा वर येतो. “सहा महिने काही दिसत नाही,” तो म्हणाला, “तोवर गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलेलं राहीन.” यात त्याला काही वावगं वाटलं नाही. बहुतेक विक्रेत्यांना हेच हवं असतं, आणि तो ते वर्षानुवर्षं करत आला आहे.

माझ्या मनात ते वाक्य मात्र अडकून राहिलं. पत्र्याची जुनी गाडी घेणाऱ्याकडे स्वतःची हत्यारं असतात. तो खिशात लोहचुंबक आणतो. लांबी जाड असेल तिथे चुंबक धरत नाही. मोठ्या शहरांतले व्यापारी रंगाची जाडी मोजणारं यंत्र लावतात. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर आकडा दुपटीकडे जातो, लांबी असेल तर कितीतरी पट. पण फायबरवर चुंबक कुठेच धरत नाही आणि पत्र्यासाठी बनवलेलं ते यंत्र मुकं होतं. नाना अभिमानाने सांगायचे, सचिनच्या फेरारीलाही चुंबक चिकटत नाही. ते खरंच आहे, तिचं अंग ॲल्युमिनियमचं. २००२ मध्ये भेट मिळालेली ती लाल ३६० मोडेना सचिनने पुढे २०११ मध्ये सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. तिथे विकणाऱ्याचं नाव हीच हमी होती. आमच्या गाडीला तसलं नाव नाही. घेणाऱ्याला ती किती सोसून आली आहे हे कळायला दोनच गोष्टी आहेत: आमचा शब्द, आणि अंगावरच्या खुणा. खुणा झाकल्या की नुसता आमचा शब्द उरतो. ज्याला तपासायचं साधन नाही त्याच्या हातून उरलेला पुरावाही काढून घ्यायचा, हे मला पटेना.

काकूंचं म्हणणं वेगळं होतं आणि ते सहज बाजूला सारण्यासारखं नव्हतं. “पोळ्याला म्हाताऱ्या बैलाचीसुद्धा शिंगं रंगवतो ना रे आपण? मळक्या अंगाने दारातून काढायची का तिला?” त्यांना कुणाला फसवायचं नव्हतं. नानांची गाडी नीटनेटकी जावी, एवढंच. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. वरखेडीच्या गुरांच्या बाजारात बैल रंगवलेल्या शिंगांनीच येतो. पण घेणारा शिंगांकडे बघत नाही. तो जबडा उघडून दात बघतो, चालवून बघतो, खुरांवरून हात फिरवतो, आणि मगच रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. शिंगांच्या रंगाने बैलाचं वय झाकलं जात नाही, म्हणून तो रंग निव्वळ मानाचा. आमच्या बोनेटवरचा रंग तसा नसता. त्याच्याखाली तडा असता.

या सगळ्यात मला सारखं अजिंठा आठवत होतं. ते दोघं इतक्यांदा तिथे गेले म्हणूनही असेल. १९२० च्या सुमारास निजामाच्या हैदराबाद सरकारने तिथल्या भित्तिचित्रांसाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी दोन प्रकारची कामं केली. भिंतीपासून सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा धरून बसवला, आणि चित्रं उठून दिसावीत, टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचा थर दिला. पहिल्या कामाने चित्रं वाचली. ते झालं नसतं तर आज आपण बघतो त्यातला काही भाग जमिनीवर पडून केव्हाच माती झाला असता. दुसऱ्या कामाने काही वर्षांतच चित्रं पिवळी, काळपट केली. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेला तो थर उतरवण्यात कित्येक वर्षं घालवावी लागली. माणसं तीच, मन लावून काम करणारी. पडणारं धरलं तिथे त्यांचे उपकार झाले; दिसणं सुधारायला गेले तिथे पुढच्यांवर ओझं पडलं.

आमच्या अंगणातल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. वाढत जाणारं नुकसान दुरुस्त करायचं. नुसतं दिसणारं तसंच ठेवायचं. बोनेटचा तडा वाढणार, पाणी आतल्या धाग्यांत शिरणार, म्हणून तो आतून नीट करून घ्यायचा. दाराचा ओरखडा, डिकीवरचा गुलाबट तुकडा आणि नानांच्या कोपराची जागा कुणाचं काही बिघडवत नाहीत.

२०१५ मध्ये पॅरिसला एका लिलावात फ्रान्सच्या खेड्यातल्या शेडमधून काढलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर १.६ कोटी युरोंहून अधिक किमतीला गेली. अनेक वर्षांची धूळ तिच्या अंगावर मुद्दाम तशीच ठेवली होती. आमच्या गाडीच्या धुळीला कुणी पैसे देणार नाही, हे मला माहीत आहे. इथे न रंगवलेली गाडी म्हणजे स्वस्तातली गाडी. फोनवर फोटो बघणारे निम्मे लोक ओरखडा दिसताच पुढे जातील. ते जाऊ देत. ज्याला ही गाडी हौसेने उभी करायची आहे तो तिला आपल्याच मिस्तरीकडून, आपल्याच पसंतीचा रंग देईल, आणि त्याला आमचा रंग आधी खरवडून काढावा लागणार नाही. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून तोही बदलेल. ती हौस त्याची आहे. तिचा पहिला हात मी का मारावा?

मिस्तरीला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग बोनेट काढून घेऊन गेला आणि काम मन लावून केलं. जोड कुठून कुठपर्यंत आहे ते कळावं म्हणून वर फक्त राखाडी प्रायमर मारायला सांगितला होता. त्याने तो इतका सफाईने मारला की त्याच्या हातातलं कसब मला तेव्हा कळलं. झाकायचं काम त्याला रोज मिळतं, दाखवायचं क्वचित.

काकूंचंही राहिलं नाही. रविवारी सकाळी त्यांनी स्वतः गाडी धुतली. कंपाउंड लावून आम्ही हलक्या हाताने घासलं, मऊ कापडाने वॅक्स चढवलं. मेलेल्या थराखालून बऱ्याच ठिकाणी लाल पुन्हा वर आला. दाराच्या कडेपाशी काकूंनी कापड थांबवलं आणि पुढे गेल्या. मीही तिथे हात लावला नाही.

जाहिरातीत पहिला फोटो उजव्या दाराचा आहे, दुसरा राखाडी बोनेटचा, पूर्ण गाडीचा तिसरा. रंगाला लागला असता तेवढा खर्च किमतीतून कमी केला आहे. बघायला येणाऱ्याने ओळखीचा मिस्तरी सोबत आणावा. बोनेट उघडून आतली दुरुस्ती दाखवू, हवा तेवढा वेळ बघू देऊ. दोन्ही चाव्या, आरसी आणि नानांनी प्रत्येक दुरुस्ती टिपून ठेवलेली वही गाडीसोबत मिळेल.