फ्रीझरच्या दाराला हीटर?

आज शनिवार, पण आज कोडबिड काही नाही. आज एक कबुलीजबाब.

माझ्या मामाचं साताऱ्यात छोटंसं दुकान आहे. आइस्क्रीम, फ्रोझन मटार, पराठे वगैरे. गेल्या दिवाळीनंतर त्याने काचेच्या दोन दारांचा उभा फ्रीझर घेतला. जानेवारीत गेलो होतो तेव्हा सहज दाराला हात लावला, तर काच चक्क कोमट! आत उणे १८ आणि दार कोमट?

"अरे, काचेत हीटर असतो," मामा म्हणाला.

मला हसूच आलं. लेबल बघितलं. एका दाराला ८० वॉट, म्हणजे दोन दारांचे दिवसाला जवळजवळ चार युनिट. शिवाय त्यातली थोडी उष्णता आत शिरणार आणि ती बाहेर काढायला कॉम्प्रेसर आणखी वीज खाणार. म्हणजे दुहेरी भुर्दंड! "बंद करून टाक," मी ठणकावून सांगितलं. बटण होतंच. दोन दिवस बघितलं, काच लख्ख. मामा खूश, मी त्याहून खूश.

जुलैत फोन आला. दारांवरून पाणी ओघळत होतं, आतलं काही दिसत नव्हतं, म्हणून गिऱ्हाईक दार उघडून उभं राहून बघायचं. मामीने खाली पोतं टाकलं होतं. तरी गल्लीतल्या एक आजी फरशीवर घसरल्या आणि मनगटाचं हाड मोडलं. मामा मला एका शब्दाने बोलला नाही. तेच जास्त लागलं.

मग बसलो वाचायला. गणित शाळेतलंच आहे हो. हवेतल्या वाफेचं पाणी ज्या तापमानाला व्हायला लागतं तो दवबिंदू. समजा दुकानातली हवा २५ अंश आहे. जानेवारीत आर्द्रता ३० टक्के असेल तर दवबिंदू साधारण ६ अंश. पावसाळ्यात ८५ टक्के झाली की तोच २२ अंशांवर जातो. हीटर बंद असताना बाहेरची काच १५ अंशांवर असेल, तर जानेवारीत ती कोरडी आणि जुलैत पाणीच पाणी. म्हणजे काच तापवायची नसतेच मुळी. ती फक्त दवबिंदूच्या जरा वर ठेवायची असते.

हे करतात कसं? काचेवर टिन ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो पारदर्शक, पण वीज वाहून नेणारा. दोन कडांना धातूच्या पट्ट्या, त्यातून वीज सोडली की अख्खी काच सारखी तापते. दार उघडल्यावर आतल्या काचेवर धुकं धरतं, तेही अशा हीटरमुळे लवकर जातं. चौकटीत वेगळी हीटरची तार असते.

आणि माझी वीज वाचवायची हौस काही अगदीच खुळी नव्हती. अमेरिकेत २००७ च्या ऊर्जा कायद्याने वॉक-इन फ्रीझरच्या काचेच्या दारांना मर्यादाच घातली: दर चौरस फुटाला ७.१ वॉट. त्याहून जास्त वीज लागत असेल, तर बाहेरच्या आर्द्रतेनुसार किंवा आतल्या काचेवरच्या ओलाव्यानुसार हीटर कमी-जास्त करणारा कंट्रोल हवाच. म्हणजे प्रश्न बरोबर होता, उत्तर चुकलं. मी बटण बंद केलं, लावायला हवा होता सेन्सर.

ऑफिसात ज्युनियर पोरांना मी नेहमी सांगतो, फक्त सोप्या डेटावर टेस्ट करून कोड लाइव्ह करू नका. आणि स्वतः काय केलं? जानेवारीतले दोन कोरडे दिवस बघून निकाल देऊन मोकळा झालो.

ऑगस्टमध्ये मेकॅनिककडून आर्द्रता बघून हीटर चालू-बंद करणारा कंट्रोलर बसवून घेतला. पैसे मी दिले. आजींकडेही जाऊन आलो. प्लॅस्टर निघालं होतं. त्यांनी मलाच चहा पाजला. काय बोलावं ते सुचेना.

असो. परवा मामाचा फोन होता. पाऊस मुसळधार, काच लख्ख. "आणखी काही बंद करू का रे?" म्हणाला, आणि हसला.