सेवा करणाऱ्यालाही विसावा हवा



अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांची सेवा बहुतेक घरांत एकटी आईच करते. घरी थांबायला दुसरे कोणी नसल्याने ती पालकसभेलाही येऊ शकत नाही, हे आम्ही नेहमी पाहतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दर जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूद आहे. पण घर असलेल्या आजींना आठ दिवस सांभाळून आईला विश्रांती मिळेल, अशी सोय क्वचितच आढळते. मिळाली तर संकोच न करता घ्यावी. ती जबाबदारी टाळणे नव्हे. थकलेल्या हातांनी सेवा नीट होत नाही.

मुलांनो, औषध देणे, कूस बदलणे मोठ्यांवर सोडा. रविवारी दुपारी दोन तास आजोबांजवळ बसा, वर्तमानपत्र वाचून दाखवा. आईचा तेवढाच डोळा लागेल.