चकचकीत कागद

रद्दीच्या काट्यावर वर्तमानपत्राला भाव जास्त, गुळगुळीत मासिकाला कमी. मुंबईत गोवंडीला राहायला आले तेव्हा हे पहिल्यांदा कळलं आणि उगाच अपमान झाल्यासारखं वाटलं. "चिकना माल है ताई, इसका भाव नहीं आता," म्हणत रद्दीवाल्याने माझी जपलेली मासिकं वेगळ्या गोणीत टाकली.

नेमकं तेव्हाच एका छोट्या, स्वतःच्या हिमतीवर चालणाऱ्या मासिकाने इतिहास विशेषांकासाठी लेख मागितला. ओघाने विषयही सुचवले: इराण्याचा चहा, आजीची नथ, मरीन ड्राइव्हच्या गोलसर गॅलऱ्या. गोडच सगळे.

जगावं कसं हे सांगण्याचा उद्योग मराठी मासिकांना नवा नाही. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्याच्या गिऱ्हाइकांसाठी. नांगराची माहिती देता देता त्याचं मासिक झालं, आणि त्याच घरातून 1930 साली 'स्त्री' निघालं, 1934 साली 'मनोहर'. लोखंडी नांगराच्या कारखान्यातून बायकांचं मासिक निघतं, हे आज एखाद्या व्यवस्थापकाला सांगून बघा! मुलींचं शिक्षण, लग्न, घरातली रीतभात यांवर तिथे वाद रंगत. कितीतरी घरांनी ते अंक बाइंडिंग करून ठेवले.

पण अंकात कपबशी येते ती नवी. फुटली की ती इकडे येते.

कुर्ला-चेंबूर रेल्वेमार्ग 1906 साली टाकला तो शहराचा कचरा वाहायला. माणसं त्यावरून जायला लागली 1924 पासून. आमच्या स्टेशनात लोकलला लटकताना हे आठवलं की हसू येतं. आमच्या शेजारचं देवनारचं डम्पिंग 1927 पासूनचं, सुमारे 132 हेक्टर. मुंबईने काय खाल्लं, काय नेसलं, कशाचा कंटाळा आला, सगळं तिथे थरांवर थर. जानेवारी 2016 मध्ये ते पेटलं. धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या, दोरीवरचे कपडे आम्ही पुन्हा धुतले, आणि शहराची कुठली कुठली वर्षं नाकात गेली देव जाणे.

माणसंही अशीच आणली गेली. शहरातल्या झोपड्या हलवून सत्तरच्या दशकात महापालिकेने गोवंडीचं शिवाजीनगर वसवलं. आखून दिलेली जागा दहा फूट बाय पंधरा. तेवढ्यात मोरी, चूल, देव्हारा, आणि मुलगा लग्नाचा झाला की वर पोटमाळा. अंतर्गत सजावटीवर लिहिणाऱ्यांनी एकदा इथे येऊन जावं. टोमणा नाही मारत. पलंगाखाली काय काय मावतं हे खरंच शिकण्यासारखं आहे.

आमच्या गल्लीतल्या मावशींना मी विचारलं, तुमच्याकडे जुनं काय आहे? त्या स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरची प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्या आत आणखी एक पिशवी, तिच्या आत तिसरी. दर पावसाळ्याआधी पिशवी बदलतात म्हणे. आत रेशनकार्ड, लाइटबिलं, आणि 1976 च्या झोपडपट्टी गणनेतला फोटोपास. फोटोतल्या काकांना मिसरूड नुकतंच फुटलेलं, डोळे कॅमेऱ्यावर रोखलेले. काका जाऊन बरीच वर्षं झाली. "हा एक कागद असला की कुणी 'तुम्ही कोण' विचारत नाही," मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून, "म्हणजे विचारतात. पण उत्तर असतं."

मी लेख त्या कागदावर लिहिला. नथ राहून गेली.

अंक आला, देखणा होता. एक प्रत मावशींना नेऊन दिली. त्यांनी पानं चाळली, इराण्याच्या खुर्च्यांचा फोटो लांब धरून बघितला, माझं नाव कुठंय ते नातवाकडून वाचून घेतलं. मग कागदावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "जाड आहे गं. चांगला आहे." पिशवी खाली आली. फोटोपास अंकाच्या मधोमध ठेवून त्यांनी तो मिटला, वरून हाताने दाबला.

"आता घडी नाही पडायची ह्याला."