होडी जरा थांबवा हं, नाखवा!

वार्षिक परीक्षा संपल्या, की घराघरांतून एकच भुणभुण सुरू होते, "आई, यंदा कुठं जायचं?" महाबळेश्वर पाहून झालेलं असतं, माहेरी आठ दिवस राहून झालेले असतात आणि लांबचा प्रवास म्हटला, की खर्चाचा आकडा बघूनच घाम फुटतो. मैत्रिणींनो, अशा वेळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीच्या किनाऱ्याचा विचार जरूर करून बघा. आंबे, फणस, नारळीपोफळीच्या बागा हे सगळं तर तिथं आहेच. पण मुलांना जन्मभर आठवेल अशी आणखी एक गोष्ट तिथं आहे. भल्या सकाळी होडीतून समुद्रात गेलं, तर डॉल्फिन पाहायला मिळतात! मत्स्यालयातल्या टाकीतले नव्हेत, आपल्याच समुद्रात राहणारे, आपल्या मर्जीनं वावरणारे.

मात्र ते कसे पाहायचे, हे घरून निघण्याआधीच समजून घ्यायला हवं. कारण होडीत बसल्यावर मुलांना गप्प कसं करायचं आणि होडीवाल्याला काय सांगायचं, हे शेवटी आपल्यालाच पाहावं लागतं ना!

कसं जायचं, केव्हा जायचं?

कोकण रेल्वेनं खेडला उतरायचं आणि एसटीनं दापोली गाठायची. मुंबई-पुण्याहून थेट दापोलीच्या गाड्याही आहेत. दापोलीहून कर्दे, मुरूड आणि हर्णै ही गावं एकमेकींना लागूनच, एकाच किनाऱ्यावर आहेत. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या याच भागातून सुटतात. एक लक्षात ठेवा. हे मुरूड म्हणजे जंजिऱ्याचं मुरूड नव्हे. ते रायगड जिल्ह्यातलं. तिकीट काढताना आणि खोली ठरवताना घरच्या मंडळींचा इथं हमखास घोटाळा होतो.

आपलं हे मुरूड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. विधवांना आसरा देणारे, बायकांसाठी विद्यापीठ काढणारे अण्णासाहेब इथंच लहानाचे मोठे झाले. गावातलं दुर्गादेवीचं देऊळही पाहण्यासारखं आहे. पलीकडे हर्णैच्या समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे आणि बंदरावर मासळीचा लिलाव असा रंगतो, की मासळी न खाणाऱ्या बाईनंही एकदा तो उभ्याउभ्या ऐकावा. राहायला घरगुती सोय मिळते. गरम मोदक आणि सोलकढी वाढणाऱ्या घरच्या बायका तुमच्याशी गप्पाही मारतात.

होड्यांचा मोसम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारीलाच बंदी असते आणि त्या खवळलेल्या दिवसांत हौसेनं समुद्रात जाण्याचं कुणी नावही काढू नये. मेच्या अखेरीला वारा वाढतो, म्हणून जमलं तर एप्रिलात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. आणि जायचं ते सकाळीच! दुपार झाली, की समुद्रावरचा वारा जोर धरतो, लाटांवर पांढरा फेस येतो आणि त्या फेसात डॉल्फिनची पाठ काही केल्या ओळखू येत नाही. सकाळी पाणी कसं परातीतल्या तेलासारखं संथ असतं. त्यावर जरा काही हललं तरी दिसतं.

मासा नव्हे, आपल्यासारखीच आई!

इथं दिसणाऱ्या डॉल्फिनला मच्छीमार मंडळी 'गादा' म्हणतात. पाठीवर उंचवटा असलेली ही जात. पूर्ण वाढलेला गादा साधारण अडीच मीटर लांब भरतो. रंग शिसवी करडा. तारली, बांगडे, बोय अशी मासळी खातो आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच राहतो. म्हणून तर तो आपल्याला दिसतो. चित्रातल्यासारखी निळ्या पाण्याबाहेर उंच उडी तो क्वचितच मारतो. "आई, हा उडी का मारत नाही?" असं मुलं विचारणारच. त्यांना आधीच सांगून ठेवा, की ही सर्कस नव्हे. काळसर पाठ वर येईल, त्यावरचा छोटा पर दिसेल, फुस्स असा आवाज होईल आणि पुन्हा सगळं शांत!

तो फुस्स आवाज म्हणजे श्वास. डॉल्फिन हा मासा नाहीच. त्याचं रक्त आपल्यासारखंच उष्ण, फुप्फुसं आपल्यासारखीच, आणि नाकपुडी मात्र डोक्यावर. मुलांना एक सोपी खूण शिकवा. माशाचं शेपूट उभं असतं आणि डावीउजवीकडे हलतं. डॉल्फिनचं आडवं असतं आणि वरखाली हलतं. बाजारात पापलेट निवडताना हे दाखवलं, तर धडा पक्का होईल.

आणि गाद्याची मादी? ती साधारण दहा ते बारा महिने पिल्लाला पोटात वाढवते. एका वेळी एकच. जन्मलं, की त्या पिल्लाला आधी पाण्यावर येऊन श्वास घ्यावा लागतो आणि आई त्याला वर यायला मदत करते. मग दोन वर्षांपर्यंत ते आईचं दूध पितं. पाण्यात दूध पाजणं काही सोपं नाही. पिल्लू आईच्या कुशीला लागून पोहतं, थोडंसं पितं, श्वासाला वर येतं, पुन्हा खाली जातं. तीनेक वर्षांतून एखादंच पिल्लू होतं. म्हणजे एक दगावलं, तर ती भर लवकर निघत नाही. या जातीला २०१७ साली जगातल्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं गेलं, ते उगीच नव्हे.

पाठलागानं काय होतं?

होडीत बसलेल्यांनी पैसे मोजलेले असतात. एक पाठ दिसली रे दिसली, की सगळे ओरडतात, "तिकडं! तिकडं घ्या होडी!" नाखव्यालाही गिऱ्हाइकाला खूश करायचं असतं. तो इंजिनाचा वेग वाढवतो. तेवढ्यात दुसरी होडी समोरून येते, तिसरी बाजूनं. आणि मधे सापडते ती नुकती श्वासाला वर आलेली आई आणि तिचं पिल्लू.

डॉल्फिनला समुद्रात डोळ्यांपेक्षा कानांचा आधार जास्त. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असतं. त्यात तो बारीक आवाज काढतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासळी कुठं, खडक कुठं, हे ओळखतो. आईपिल्लू एकमेकांना हाका मारतात त्याही अशाच. आता तुम्हीच कल्पना करा. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू आहे, कुकरच्या शिट्ट्या होताहेत आणि आतल्या खोलीतून मूल हाक मारतंय. येते का ऐकू? आपण निदान मिक्सर बंद करतो. तिला तर होडीचं इंजिन बंद करता येत नाही!

घाबरलेला गादा लांब बुडी मारतो आणि दूर निघून जातो. त्याची खाण्याची वेळ जाते, पिल्लाची पिण्याची वेळ जाते. आणि गंमत म्हणजे आपलंही नुकसानच होतं. पाठलाग करणाऱ्या होडीतून दिसतं ते पळणारं शेपूट. इंजिन बंद करून शांत बसलेल्या होडीजवळ मात्र कधीकधी तो आपण होऊन येतो.

म्हणून होडीत चढण्याआधीच नाखव्याशी बोलून घ्या. "दादा, आम्हाला जवळ न्यायची घाई नाही. दिसले की लांबच होडी थांबवा, आम्ही थांबू." एवढं म्हटलं, की त्याच्याही जिवावरचं ओझं उतरतं. डिझेल वाचतं ते वेगळंच! समुद्र त्याला ठाऊक असतो. पक्षी कुठं घिरट्या घालताहेत, मासळी कुठं वर आली आहे, हे तो नजरेनं ओळखतो. तो "वाईच थांबा" म्हणाला, तर थांबा. बऱ्याच देशांत होडी डॉल्फिनपासून निदान पन्नास मीटर लांब ठेवण्याची शिस्त आहे. पन्नास मीटर म्हणजे साधारण पाच एसट्या एकामागे एक उभ्या केल्या, तर होईल तेवढं अंतर. समोरून वाट अडवायची नाही, दोन होड्यांच्या मधे त्यांना कोंडायचं नाही, टाळ्या-शिट्ट्या नाहीत आणि वेफर्स फेकायचे तर मुळीच नाहीत.

मच्छीमारांना मात्र नावं ठेवू नका बरं! गादा जाळ्यात सापडला, तर त्याला सोडवायला महागाचं जाळं कापावं लागतं. असं जाळं कापून संरक्षित प्राण्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य सरकारनं २०१८ साली सुरू केली. कायदा तर १९७२ पासून आहेच. पण जाळं कापणारे हात त्यांचेच असतात.

आणि देवमासा?

"होडीतून देवमासा दिसेल का?" असं विचाराल, तर त्या आशेनं जाऊ नका. तो खोल पाण्यात असतो. पण आपल्या समुद्रात तो आहे, हे नक्की. २०१५ साली सिंधुदुर्गाच्या समुद्रात संशोधकांना निळा देवमासा दिसला होता. हा जगातला सगळ्यांत मोठा प्राणी. त्याच साली जूनमध्ये रायगड जिल्ह्यात रेवदंड्याला एक देवमासा किनाऱ्याला लागला आणि मेला. त्याची लांबी बेचाळीस फूट भरली होती.

रत्नागिरीकरांच्या मनात मात्र गणपतीपुळ्याची आठवण आहे. नोव्हेंबर २०२३ मधली, दिवाळीच्या सुट्टीतली. पर्यटकांनी फुललेल्या त्या किनाऱ्यावर सुमारे वीस फुटांचं देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं. वीस फूट म्हणजे आपल्याला केवढं वाटतं! पण निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतंच तेवढं. म्हणजे ते अगदी तान्हं, अंगावर पिणारं बाळ होतं. वन खात्याची माणसं, मच्छीमार, गावकरी, पर्यटक सगळे झटले. त्याची कातडी सुकू नये म्हणून पाणी मारत राहिले. सुमारे चाळीस तासांच्या खटपटीनंतर बोटीनं ओढून त्याला समुद्रात नेलं, तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण ते पुन्हा किनाऱ्याकडे आलं आणि दगावलं. आईपासून सुटलेल्या तान्ह्या पिल्लाला दूध कोण पाजणार? माणसांनी जे जमेल ते सगळं केलं. पण आईची जागा भरून काढणं कुणाच्या हाती नसतं.

म्हणूनच, जी आईपिल्लं अजून बरोबर पोहताहेत, त्यांची ताटातूट आपल्या हौसेपायी होऊ नये, एवढं तरी आपल्या हाती आहे ना?

किनाऱ्यावर असा जिवंत प्राणी दिसलाच, तर त्याला शेपटीला धरून ओढू देऊ नका, डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नका, गर्दी मागं हटवा आणि वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. देवमाशाचा खरा आकार मुलांना दाखवायचा असेल, तर रत्नागिरी शहरात झाडगावला सागरी संशोधन केंद्राचं संग्रहालय आहे. तिथं देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे.

बरोबर काय न्याल?

* निघताना पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंब भरलेलंही नको. चहा, दोन बिस्किटं किंवा मऊ भात पुरे. मिसळ परत आल्यावर!
* मळमळणाऱ्यांसाठी आलेपाक, आवळासुपारी आणि लिंबू जवळ असू द्या. नजर लांब क्षितिजावर ठेवली, की त्रास कमी होतो.
* लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का, ते स्वतः बघा. नसेल, तर मुलाला होडीत चढवू नका. होडी जास्त भरलेली वाटली, तरी सरळ "दुसऱ्या होडीनं येतो" म्हणा.
* साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा. चढताना गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, म्हणून चपला हातात घ्या.
* टोपी, पाण्याची बाटली आणि कचऱ्यासाठी एक कापडी पिशवी न्या. प्लास्टिकचा एकही कागद समुद्रात पडता कामा नये.
* दुर्बीण असेल तर उत्तमच. नसेल, तर मुलांना डॉल्फिनचे श्वास मोजायला सांगा. किती वेळानं वर आला, याची नोंद ठेवू लागली, की ती आपोआप गप्प बसतात.

आणि समजा, एवढं करून डॉल्फिन दिसलेच नाहीत तर? तर नाखव्यावर चिडू नका. तो समुद्र दाखवू शकतो, डॉल्फिनना बोलावून आणू शकत नाही. तीन दिवसांचा मुक्काम असेल, तर पहिल्याच सकाळी जा, म्हणजे पुन्हा जायला आणखी एक सकाळ हाताशी राहील.