पाणी पाण्याला भिडतं तेव्हा

नॉर्वेच्या लोफोटेन द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकापाशी मॉस्केन नावाचं छोटं बेट आहे. ते टोक आणि हे बेट यांच्या मधल्या उथळ पट्ट्यावरून भरती-ओहोटीचं पाणी साधारण सहा-सहा तासांनी दिशा पालटत धावतं. समोरून वारा आणि लाटा आल्या, की ते उसळतं, गरगरतं. जुन्या डच नकाशांनी त्याला ‘मालस्ट्रॉम’ म्हटलं, म्हणजे दळून काढणारा प्रवाह. आज कुठल्याही गोंधळाला हे नाव देतात. पण सुकाणू धरणाऱ्याच्या लेखी तो गोंधळ नव्हेच. त्याला वेळापत्रक आहे.

एडगर अ‍ॅलन पो यांच्या १८४१च्या कथेतले कोळी भाऊ पाणी थांबण्याच्या मोजक्या मिनिटांतच हा पट्टा ओलांडायचे. एके दिवशी वादळाने गाठलं, आणि त्यातच कळलं की खिशातलं घड्याळ सातलाच बंद पडलंय. खोल नरसाळ्यासारखा भोवरा ही पो यांची कल्पना. बंद घड्याळ मात्र अस्सल दर्यावर्दी तपशील आहे.

जॉर्ज ऑर्वेल यांच्यावर तर हे प्रत्यक्ष बेतलं. ऑगस्ट १९४७मध्ये स्कॉटलंडच्या जुरा बेटाजवळ, कॉरिव्ह्रेकनच्या सामुद्रधुनीत, भरती-ओहोटीचं कोष्टक वाचताना चूक झाली. भोवऱ्यांनी बोटीचं इंजिनच उखडलं. सोबत तीन वर्षांचा मुलगा होता. सगळे कसेबसे खडकावर चढले, आणि शेवंड पकडणाऱ्यांच्या बोटीने त्यांना सोडवलं.

कोकणातल्या तांडेलाला हे कोष्टक तिथीत सापडतं.

तिथीची पाऊणपट केली, की मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारला भरती, साडेदहाच्या सुमाराला ओहोटी पूर्ण. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हा हिशेब सुंदर आहे आणि तो आजही शिकवायला हवा. कारण खाडीच्या तोंडाशी खरा धोका असतो तो मधल्या तासांत. ओसरतं पाणी जोरात बाहेर निघतं, पश्चिमेचा वारा लाटा आत लोटतो. उलट्या प्रवाहावर चढणारी लाट आखूड होते, उंच होते आणि उथळ दांड्यावर फुटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ वाढते. अष्टमीच्या भांगाला ती बरीच मंदावते.

अशा वेळी इंजिनाच्या जोरावर घुसणं हे कसब नव्हे. जाणता तांडेल मासळीने भरलेली होडीही बाहेर खोल पाण्यात उभी ठेवतो, बर्फ वितळत असला तरी, आणि भरतीच्या शेवटच्या तासात आत येतो.